मिळमिळीत म्हणा हवं तर

डेव्हिडॉफ हे नाव घेतलं की बहुतेकांना निळी अत्तराची बाटली आठवते. कूल वॉटर १९८८ साली आलं आणि एका अख्ख्या पिढीच्या आरशापुढे जाऊन बसलं. काहींना सिगारेटचं पाकीट आठवतं, पण सिगारेटवरचं ते नाव २००६ पासून इम्पीरियल टोबॅको (आताची इम्पीरियल ब्रँड्स) या कंपनीच्या मालकीचं आहे. ज्या वस्तूमुळे हे आडनाव जगभर पोचलं, ती मात्र फार थोड्यांनी हातात घेतलेली असते. फिकट तपकिरी, तुकतुकीत सिगार, आणि तिच्या गळ्याशी पांढरी पट्टी. पट्टीवर सोनेरी अक्षरांत डेव्हिडॉफ आणि जिनिव्हा. राजमुकुट नाही, पदकं नाहीत, पंखा घेऊन बसलेली सुंदरी नाही.

सिगार ओढणाऱ्यांत या पांढऱ्या पट्टीवरून सरळ दोन तट आहेत. एका तटाला तिच्यात सिगार बनवण्याच्या कलेचं टोक दिसतं. दुसऱ्याला दिसतं बँकरांचं, बोर्डरूमचं, मिळमिळीत आणि अवाच्या सवा महाग प्रकरण. मी पहिल्या तटातला, पण दुसऱ्या तटाशी माझं अगदीच वाकडं नाही. किमतीबद्दल ते बोलतात ते खरंच आहे. मिळमिळीतपणाबद्दल मात्र वाद घालायला मला आवडतं.

हल्ली सिगारच्या जगात भाव आहे तो कडकपणाला. जाड, तेलकट, जवळजवळ काळी सिगार हवी, पहिल्या झुरक्याला घशात मिरी फुटली पाहिजे आणि शेवटाला डोकं थोडं गरगरलं पाहिजे, तरच पैसे वसूल. यात तीन गोष्टींचा गोंधळ होतो. ताकद म्हणजे निकोटीन किती चढतं ते. धुराचं वजन म्हणजे तो जिभेवर किती दाट बसतो ते. आणि चव ही तिसरीच गोष्ट. ताकद भरपूर आणि चव एकसुरी, अशा सिगारी ढिगाने मिळतात. उलट, ताकद कमी आणि चवीचे पदर मात्र एकामागून एक उलगडत जाणारे, हे क्वचित जमतं. डेव्हिडॉफची सिग्नेचर मालिका आणि तिच्या शेजारची ग्रां क्रू या दुसऱ्या जातीतल्या.

क्वचित का जमतं, हे तंबाखूच्या झाडाकडे बघितलं की कळतं. झाडाची पानं एकदम तोडत नाहीत; खालून वर, थोडी थोडी करत खुडतात. तळाच्या पानांना वोलादो म्हणतात. ती पातळ, चवीला फारशी नसलेली, पण छान जळणारी. त्यांच्या वरची सेको, तिच्यात सुगंध. त्याच्याही वर विसो, आणि अगदी शेंड्याकडे लिहेरो. लिहेरोला ऊन सगळ्यात जास्त मिळतं, पान जाड होतं, तेल आणि निकोटीन साठतं, आणि ते हळू जळतं म्हणून सिगारच्या बरोबर मधोमध घालतात. लिहेरो वाढवलं की सिगार आपोआप कडक होते. पण त्याबरोबर आणखी एक सोय होते: बाकीच्या पानांचे दोष झाकले जातात. कुठे आंबवणं कमी पडलं असेल, कुठे पान नीट सुकलं नसेल, त्या सगळ्यावर लिहेरोचा तिखटपणा पांघरूण घालतो. सौम्य सिगारला हे पांघरूण नाही. पांढऱ्या कापडावर शाईचा ठिपकासुद्धा लांबून दिसतो, तसा तिच्यातला अमोनियाचा इवलासा वास, एखादं कच्चं पान, बांधणीतली किरकोळ ढिलाई लगेच उघडी पडते. म्हणून अशी सिगार करायची तर पानं निवडण्यात आणि मुरवण्यात वेळ घालवण्यावाचून गत्यंतर नाही. आणि वेळ स्वस्त नसतो.

या चवीमागे एक माणूस आहे आणि एक भांडण आहे.

झिनो डेव्हिडॉफचा जन्म १९०६ चा, रशियन साम्राज्यातल्या युक्रेनमधल्या ज्यू कुटुंबातला. १९११ मध्ये कुटुंब देश सोडून जिनिव्हाला आलं आणि वडिलांनी तंबाखूचं छोटं दुकान थाटलं. परागंदा रशियन मंडळींचा तिथे राबता असे. व्लादिमीर उल्यानोव्ह नावाचा एक गिऱ्हाईक पैसे न देताच गेला, असं झिनो पुढे रंगवून सांगायचा. हा गिऱ्हाईक नंतर लेनिन म्हणून प्रसिद्ध झाला. खरं-खोटं झिनोच जाणे. उधारीचा किस्सा इतका चांगला असेल तर दुकानदार तो वसुलीपेक्षा जपून ठेवतो.

विशीच्या आत-बाहेर असताना झिनो लॅटिन अमेरिकेत गेला. अर्जेंटिना, ब्राझील आणि शेवटी क्युबा. तिथे मळ्यांत राहून तंबाखू शिकला आणि परत येऊन दुकानाचा नूर पालटला. क्युबातल्या गोदामात असते तशी हवा, तितकीच ओल त्याने दुकानाच्या तळघरात तयार केली, म्हणजे समुद्र ओलांडून आलेली सिगार युरोपच्या कोरड्या थंडीत मरू नये. आज छोट्याशा दुकानातही ह्युमिडॉर, म्हणजे सिगारची ओल राखणारं कपाट, असतो, त्यामुळे यात काय मोठंसं असं वाटेल. पण माल आणून विकणं आणि माल आणून मुरवणं, हे दोन वेगळे धंदे आहेत. झिनोने दुसरा निवडला.

१९४० च्या दशकात त्याला सुचलेली गोष्ट त्याहून धूर्त. ओयो दे मोंतेरेय या क्युबन घराण्याकडून त्याने एक मालिका करून घेतली आणि तिच्यातल्या सिगारींना बोर्दोच्या वाईनची नावं दिली: शातो लातूर, शातो मार्गो, शातो लाफीत. जिनिव्हाच्या श्रीमंत गिऱ्हाइकाला क्युबातला मळा ठाऊक नव्हता, पण जेवणाच्या टेबलावरची बाटली पक्की ठाऊक होती. सिगारकडेही त्याच जिभेने, त्याच सबुरीने बघायचं असतं, हे त्याने भाषण न देता नुसत्या लेबलावरून पटवलं. कमी ओढा पण चांगली ओढा, हा त्याचा आयुष्यभराचा सल्ला होता. दुकानदाराने असा सल्ला द्यायला धाडस लागतं. अर्थात, भाव कसा लावायचा हे त्याला चांगलं कळत होतं, हेही त्यात आलं.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस क्युबाच्या सरकारी तंबाखू संस्थेने खुद्द त्याच्या नावाची सिगार काढली. ती वळली जायची हवानाच्या एल लागितो कारखान्यात, म्हणजे कोइबा या नामांकित क्युबन सिगारच्या माहेरी. डेव्हिडॉफ नंबर वन ही त्यातली लांबसडक, शिडशिडीत सिगार. कोइबा लान्सेरोचा साचा आणि हिचा साचा एकच. १९७० मध्ये बाझेलच्या एटिंगर घराण्याने झिनोचा व्यवसाय विकत घेतला, अर्न्स्ट श्नायडर कारभार बघू लागले, आणि झिनो त्या नावाचा चालताबोलता चेहरा झाला.

मग क्युबाशी बिनसलं. मालाचा दर्जा घसरतोय ही तक्रार होती, आणि नाव नक्की कोणाचं हा वादही होता. १९८९ मध्ये झिनोने एक लाखाहून जास्त क्युबन सिगारी विकायच्या लायकीच्या नाहीत म्हणून जाहीरपणे जाळून टाकल्या. सिगार जाळण्यासाठीच असते, त्यामुळे या निषेधात थोडा विनोदही आहे. पण स्वतःचं नाव छापलेला माल चौकात पेटवायला वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी वेगळीच रग लागते. क्युबन डेव्हिडॉफची विक्री १९९१ पर्यंत संपली. तिच्या उरलेल्या पेट्या आज लिलावात निघतात आणि ज्यांना परवडतं ते त्यांच्यावर उड्या टाकतात.

नवं घर मिळालं डॉमिनिकन प्रजासत्ताकात. देशाच्या उत्तरेला दोन डोंगररांगांमध्ये सिबाओचं खोरं आहे, त्यातून याके देल नोर्ते नदी वाहते, आणि सान्तियागो शहराच्या आसपास तंबाखूचे मळे आहेत. तिथे हेन्द्रिक केल्नर नावाचा माणूस आपला कारखाना चालवत होता. आज ज्याला आपण डेव्हिडॉफची चव म्हणतो, ती झिनोइतकीच, किंबहुना जास्तच, केल्नरची आहे असं माझं मत. क्युबन डेव्हिडॉफची नक्कल करण्याच्या भानगडीत तो पडला नाही. त्याच्या हाताशी जे पान होतं, त्याचा स्वभाव ओळखून त्याने मिश्रण बांधलं.

ती पानं मुख्यतः तीन. ओलोर दोमिनिकानो हे तिथलं जुनं पान, पातळ, कोरडं, सुवासिक. पिलोतो क्युबानो हे क्युबन बियाण्याचं. क्युबातल्या क्रांतीनंतर देश सोडून आलेल्यांबरोबर ते इथे रुजलं. अंगाने भारी, चवीला ठसठशीत. आणि सान व्हिसेन्ते, पिलोतोच्याच गोतातलं, पण हलकं आणि किंचित आंबूस. केल्नर हे समजावताना एकेका जातीच्या पानाची वेगळी बारीक सिगार वळून द्यायचा. आधी ही ओढा, मग ती, आणि मग तिन्ही एकत्र. जिभेचा शेंडा, कडा, मागचा भाग कुठे काय जाणवतं बघा म्हणायचा. जिभेच्या अमुक भागाला अमुकच चव कळते हे विज्ञानाने केव्हाच खोडून काढलंय. तरीही मिश्रण करणाऱ्याला शिस्त लावणारी युक्ती म्हणून मला ती पटते: तोंडाचा एकही कोपरा उपाशी राहता कामा नये आणि एकानेही आरडाओरडा करता कामा नये.

वरचं पान, रॅपर, येतं इक्वादोरहून. बियाणं अमेरिकेतल्या कनेटिकट खोऱ्याचं. तिथे १९०० च्या सुमारापासून शेतांवर कापडाचे मांडव घालून हे पान सावलीत वाढवतात. सावलीत ते पातळ, मऊ, फिकट आणि बारीक शिरांचं होतं. इक्वादोरमध्ये मांडव लागत नाही. अँडीजच्या पायथ्याशी आभाळच इतकं ढगाळ असतं की सावली फुकट मिळते.

आता प्रत्यक्ष सिगार. मला आवडते सिग्नेचर २०००. हा आकडा क्युबन काळापासून चालत आलाय. पाच इंच लांब, ४३ रिंगची. रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, तेव्हा जाडी झाली साधारण १७ मिलिमीटर. हल्ली ६० रिंगच्या मुसळांची चलती असताना ही अगदीच किडकिडीत दिसते. पण बारीक सिगारमध्ये पोटातल्या पानांच्या मानाने वरच्या पानाचा वाटा जास्त पडतो, आणि इतकं निगुतीने वाढवलेलं पान वर गुंडाळायचं तर त्याची चव लागायला नको का?

पेटवण्याआधी नाकाशी धरली की सुकं गवत, देवदाराची पेटी आणि त्यामागे गोठ्याच्या बाहेर येतो तसा पुसट, ऊबदार वास. तोंडाकडच्या टोकाची पानाची टोपी कापून नुसतीच ओढून बघावी. हवा अडखळत नाही. पहिले काही झुरके खरोखरच काही बोलत नाहीत. साय, भाजलेलं लाकूड, ओठांवर हलका खारटपणा. इथेच अनेकजण निकाल देऊन मोकळे होतात. मग अर्धा-पाऊण इंच जळल्यावर कुठून तरी अळंबीची चव येते, पावसानंतरच्या ओल्या पाचोळ्याची, बंद कपाटाची म्हणा ना. ही कुबट छटा डेव्हिडॉफची खूण आहे. जाहिरातीत तिचं नाव कधी निघत नाही, तिथे सगळा मामला नजाकत आणि परिष्कृततेचा. पण मला विचाराल तर या सिगारचा सगळा जीव त्या कुबटपणात आहे. तो नसता तर ती खरंच मिळमिळीत झाली असती. या मालिकेला गोड, लाघवी समजणारे तिला ओळखतच नाहीत. तिचा स्वभाव कोरडा आणि थोडा हट्टी आहे. धूर नाकातून सोडला तर पांढऱ्या मिरीचा चटका बसतो, तोही मोजून-मापून. राख फिकट करडी, घट्ट, इंचभर सहज टिकते. जिथे राख आणि पान भेटतं तिथली जळती कड बारीक आणि सरळ, जणू पेनाने रेघ मारलीय.

एकच पथ्य: घाई नको. मिनिटाला एखादा झुरका पुरे. भराभर ओढली की हे पातळ पान तापतं आणि कडवट होतं, आणि मग दोष सिगारला. कडक सिगार माणसाची घिसाडघाई सोसते, ही सोसत नाही. मोबाईलवर बोलता बोलता ओढायची तर दुसरी कुठलीही घ्यावी.

या सरळ कडेमागे कुणाचे तरी हात असतात. वळणारा पोटातली पानं दुमडून एकत्र धरतो, हवेला वाट राहील इतपत सैल आणि धग टिकेल इतपत आवळ. वर बाइंडरचं, म्हणजे ती बांधून धरणारं पान. ही गुंडाळी साच्यात दाबून ठेवतात. मग चावेता नावाच्या अर्धगोल पात्याने रॅपरच्या कडा काढायच्या आणि ते पान पायाकडून डोक्याकडे तिरकं गुंडाळत न्यायचं. कनेटिकट जातीचं पान इतकं नाजूक की बोट जरा जास्त ताणलं गेलं तर चरकन फाटतं. डोक्याला झाडाच्या डिंकाचा ठिपका आणि पानाची गोल टोपी. झालेल्या सिगारी खोलीत मुरायला ठेवायच्या आणि मग रंगाप्रमाणे लावायच्या. एका पेटीत डावीकडून उजवीकडे रंग गडद ते फिकट असा उतरत जातो. ही छटा सरावलेल्या डोळ्यालाच कळते. त्याच्याही आधी पानं ढीग रचून आंबवली जातात. ढीग आतून तापतो, मोडून पुन्हा रचावा लागतो, आणि प्रत्येक फेरीला थोडा अमोनिया, थोडा कच्चेपणा उडून जातो. मग गासड्यांत वर्षानुवर्षं पडून राहायचं. सौम्यपणा अशा वजाबाकीतून येतो.

सौम्य म्हणजे निरुपद्रवी, असं मात्र कुणी समजू नये, आणि विकणारे ते कधी स्पष्ट सांगत नाहीत. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत हे खरं. पण हा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटीन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग पट्टीचा रंग बघत नाही. मी फार क्वचित ओढतो आणि ज्याने कधी ओढली नाही त्याला सुरू कर असं सांगत नाही. एवढं कळूनही ओढतो, यावर माझ्याकडे बचावाचं भाषण नाही.

किमतीचं दुखणं उरतंच. चांगल्या डॉमिनिकन घराण्यांच्या, तितक्याच सौम्य सिगारी निम्म्याहून कमी पैशांत मिळतात आणि त्यातल्या काही उत्तम आहेत. डेव्हिडॉफ जे जास्तीचे पैसे घेते, त्यातला काही भाग मुरवण्याचा, काही निवडीचा, आणि काही सरळसरळ त्या पांढऱ्या पट्टीचा. पेटीतली पहिली आणि शेवटची सिगार सारखीच निघते, ही खात्री विकत मिळते. पण या सारखेपणाचा मला कधीकधी कंटाळाही येतो. क्युबन सिगार दगा देते आणि मग एखादी अशी निघते की सगळे गुन्हे माफ. सिग्नेचर दगाही देत नाही आणि वेडही लावत नाही.

कंपनीलाही हे कळत असणार. २०१३ मध्ये तिने निकाराग्वाच्या तंबाखूची सिगार काढली आणि पट्टी चक्क काळी केली. पाठोपाठ ब्राझीलच्या पानाची एस्कुरियो आणि डॉमिनिकन मातीतलीच यामासा, त्याही काळ्या पट्टीच्या. झिनो १९९४ मध्येच गेला होता. त्याला हे रुचलं असतं का कोण जाणे, गल्ला बघून रुचलंही असतं. या काळ्या पट्टीच्या सिगारी चांगल्या आहेत. यामासातला चिकणमातीचा भारदस्तपणा तर खासच. पण तशा भारदस्त सिगारी इतरही दहा जण करतात.

तेव्हा कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं असतं. कडक सिगारीची सवय असेल तर सिग्नेचरपासून सुरुवात करू नका, पैसे गेल्यासारखं वाटेल आणि शिव्या मला बसतील. डेव्हिडॉफचीच आनिव्हेर्सारियो नंबर तीन घ्या. सहा इंच, ५० रिंग, पट्टी पांढरीच, पण धूर अधिक दाट आणि अळंबीची चव लवकर पकडता येते. ती आवडली तर २००० कडे या, आणि सकाळी घ्या, जीभ कोरी असताना. कॉफी चालेल, बिनसाखरेची. व्हिस्की नको, ती पहिल्या घोटात या सिगारला गिळून टाकते.